ॲव्हरेज किती देती?

व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाशी आपल्याकडे सहसा कुणी बोलत नाही. त्याच्याविषयी बोलतात, तेही चेअर ढकलणाऱ्याशी. "यांना चहा चालतो का?" "यांना ऊन लागत नाही ना?" "यांना ऐकू येतं?" आमचे दाजी विहिरीवरची मोटार काढताना घसरून पडले, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग कायमचं संपावर गेलं. कानाला, जिभेला आणि मुख्य म्हणजे डोक्याला काहीही झालं नव्हतं. तरी लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्याकडे बघून विचारायचा, "ह्यांना जिलेबी वाढू?" मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणायचे, "वाढ. गिळायची वायरिंग शाबूत हाय."

वायरिंग हा दाजींचा धंदाच. करवीर तालुक्यातला आमचा पट्टा उसाचा. उसाला पाणी लागतं, पाण्याला मोटार लागते आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या कमी दाबाच्या विजेवर ती मोटार जळते. जळलेली मोटार दाजींच्या रिवायंडिंगच्या दुकानात येते. काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायची, खाचा साफ करून नवा कागद बसवायचा, नव्या कॉइली भरायच्या, वॉर्निश द्यायचं. हे सगळं काम माणसं पूर्वीपासून बसूनच करत आली आहेत. त्यामुळे अपघातानंतर धंद्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते घर ते दुकान या अंतराचं.

अंतर म्हणाल तर एक बिडी संपेपर्यंतचं. घरासमोर सिमेंटचा रस्ता आहे. तो एका माजी सदस्यांच्या दारापर्यंत जाऊन थांबतो, कारण रस्ता झाला तेव्हा ते आजी होते. पुढे मुरूम, मग गटारावर टाकलेली डुगडुगती शहाबादी फरशी, मग ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध वरंबा. जून ते सप्टेंबर यातलं काहीच दिसत नाही. नुसता काळा चिखल असतो आणि कुठे काय आहे ते पायाला आठवावं लागतं.

दाजींना चेअर मिळाली होती ती एका शिबिरात, पाहुण्यांच्या शुभहस्ते. त्या फोटोत पाहुण्यांचे झाडून सगळे हात चेअरला लागले आहेत आणि दाजी दिसत नाहीत. चेअर दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली. पुढची दोन चाकं टीचभर, मागची बारीक आणि कडक रबराची. मुरमावर पुढचं चाक एखाद्या खड्याला अडायचं, चेअर थांबायची आणि दाजी पुढे जायचे. मग आक्का किंवा भाचा ढकलायला. आक्काला धारा काढायच्या असतात, भाच्याला शाळा असते. म्हणजे दाजींचं दुकान कधी उघडायचं हे म्हशीवर आणि हेडमास्तरांवर अवलंबून. तंबाखू संपली तरी सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की आक्का म्हणायची, "बरं झालं संपली."

परदेशात रणगाड्याचे पट्टे लावलेल्या खुर्च्या मिळतात. त्यात बसून लोक डोंगर चढतात, समुद्राच्या वाळूत जातात, शिकारीला जातात. तेवढ्या पैशात आमच्याकडे नवा ट्रॅक्टर येतो. शिवाय दाजींना डोंगर चढायचा नव्हता. त्यांना माजी सदस्यांच्या दारापुढे जायचं होतं.

म्हणून खुर्ची घरीच करायची ठरली. मी पुण्यात राहतो, नोकरी टेबलाची, त्यामुळे माझ्याकडे लोखंडापेक्षा माहिती जास्त. मी दाजींना इतिहास सांगितला. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हतं. १६५५ साली, वयाच्या २२ व्या वर्षी त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी केली, हाताने दांडा फिरवला की पुढचं चाक दात्यांवर फिरायचं. स्वतःची चाल स्वतः चालवणारी अशी ही पहिली खुर्ची मानतात, आणि ती कुठल्या कारखान्यात नाही, बसणाऱ्याच्याच हातून झाली.

"घड्याळजी हुता न्हवं?" दाजी म्हणाले. "मग जमणारच की. दाती मोजायची सवय असणार."

मग मी अमेरिकेत आलो. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतले इंजिनिअर, १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्यांचे पाय गेले. त्या काळच्या अवजड खुर्च्या मोटारीत मावत नसत, म्हणून त्यांनी हॅरी जेनिंग्ज या मेकॅनिकल इंजिनिअर मित्राला गाठलं आणि १९३३ च्या सुमारास दोघांनी घडी होणारी पोलादी नळ्यांची खुर्ची केली. आज दवाखान्यात दिसते ती कात्रीच्या फुलीवर मिटणारी चेअर त्याच घराण्यातली.

"म्हंजे एक बसणारा आणि एक पाना देणारा," दाजींनी इतिहासाचं सार काढलं. "पाव्हणं, तुम्ही पाना द्या."

मी शेवटचं अस्त्र म्हणून कॅनडाच्या जॉर्ज क्लाइन यांना काढलं. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी त्यांनी १९५० च्या आसपास विजेवरची खुर्ची विकसित केली. दोन्ही चाकांना वेगवेगळी मोटार आणि हाताशी एक दांडी. डावी मोटार जोरात फिरली की खुर्ची उजवीकडे वळते, उजवी जोरात फिरली की डावीकडे. स्टिअरिंगची भानगडच नाही. आजही हीच रीत चालते. हे मात्र दाजींनी कान देऊन ऐकलं. "दोन मोटारी," ते बराच वेळाने म्हणाले. "म्हंजे कंडक्टर-ड्रायव्हरचं भांडान झालं की गाडी गोल फिरणार." पुढे हेच घडलं, पण ते नंतर.

मोटारी मिळाल्या पुण्यातच, आणि फुकट. पुण्याच्या गॅलऱ्यांमध्ये काय काय पडून असतं याची नोंद कुणीतरी करायला हवी. आमच्या ओळखीच्या एका घरात परदेशातल्या मुलाने वडिलांसाठी विजेवरची व्हीलचेअर घेऊन दिली होती. ती लिफ्टमध्ये शिरली नाही. वडील चार खोल्यांत फिरत राहिले, मग तेही गेले, आणि चेअर गॅलरीत चादरीखाली राहिली. मी पाहिली तेव्हा तिच्यावर कुरडया वाळत होत्या. बॅटऱ्या फुगलेल्या, एका मोटारीत पावसाचं पाणी. घरच्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. "घेऊन जा, फक्त अप्पांची आठवण आहे, जपून वापरा," एवढंच म्हणाले. दाजींनी अप्पांची आठवण तासाभरात मोकळी केली आणि स्क्रू साइजप्रमाणे डब्यांत जपून ठेवले.

त्याआधी ती एसटीच्या डिकीतून कोल्हापूरला न्यायची होती. कंडक्टरने विचारलं, "पेशंट कुठाय?"

"कोल्हापुरात."

"मग खुर्ची पुण्यात काय करत होती?"

या प्रश्नाचं उत्तर लांबलचक होतं आणि गाडी सुटायची होती. त्यांनी माझ्या पायांकडे एकदा संशयाने पाहिलं आणि डिकी उघडली.

आता थोडं यंत्राविषयी, कारण दाजींच्या मते लोक खुर्चीकडे बघतात आणि मोटारीकडे बघतच नाहीत. या खुर्च्या २४ व्होल्टवर चालतात. मोटारीच्या पुढे गिअरबॉक्स आणि मागच्या टोकाला विजेवरचा ब्रेक. हा ब्रेक आपल्या नेहमीच्या ब्रेकच्या बरोबर उलटा. वीज नसताना स्प्रिंगच्या जोराने तो आवळलेलाच असतो, कॉइलला वीज मिळाली की सुटतो. म्हणजे चढावर बॅटरी संपली, वायर तुटली, काहीही झालं तरी खुर्ची जागेवर उभी राहते. दाजींनी हे बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "इमानदार माणसानं केलंय हे."

पाणी शिरलेल्या मोटारीतली नेमकी हीच कॉइल गेली होती, आणि खुर्चीचा कंट्रोलर सासुरवाडीला रुसलेल्या जावयासारखा वागत होता. ब्रेकची कॉइल त्याला सापडली नाही की तो हलायला तयार नाही, बोलायलाही तयार नाही, नुसते दिवे मिचकावतो. किती वेळा मिचकावतो यावरून काय दुखतंय ते आपण ओळखायचं. दाजींनी कॉइल उघडली, जुने वेढे मोजले, त्याच गेजची तार भरली. आयुष्यभर पाच आणि साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारी भरलेल्या माणसाला हे काम म्हणजे सुट्टीच. दिवे मिचकायचे थांबले.

कार्बन ब्रश झिजले होते. गावातल्या एका जाणकाराने मिक्सरचे ब्रश आणून दिले. दाजींनी ते न बघताच परत केले. मिक्सरला २३० व्होल्ट मिळतात, करंट थोडा. इथे व्होल्ट २४ आणि करंट मोठा. नुसता कार्बन तापून जाळ होईल. इथे तांबं मिसळलेला ब्रश पाहिजे. तो कशात असतो? मोटारगाडीच्या सेल्फमध्ये. सेल्फचे ब्रश आणून कानशीने घासून साइजचे केले. घासण्याचं काम पाना देणाऱ्याकडे होतं. माझी बोटं आठवडाभर काळी होती, आणि ऑफिसात लोकांना वाटलं मी कुठेतरी मतदान करून आलो.

चाकं हा घरातला जिव्हाळ्याचा विषय निघाला. दाजींचा बजाज चेतक गोठ्याच्या मागे झाकून ठेवलेला होता. आक्काला लग्नानंतर जोतिबाला नेलं ते याच स्कूटरवर. तिची चाकं काढायची म्हटल्यावर आक्का दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "स्टेपनी धरून तीन चाकं हायत. दोनच काढा. एक ऱ्हाऊ दे." चेतकचं चाक या कामाला फार गुणी. टायर साडेतीन बाय दहाचा, म्हणजे एकूण उंची सतरा इंच. रिम दोन तुकड्यांची, बोल्ट काढले की उघडते, पंक्चर काढायला गावातला पोरगाही चालतो, आणि भोकं तयार असल्यामुळे नवा हब बसवणं सोपं. टायरला पकड, ट्यूबला हवा, म्हणजे अर्धं सस्पेन्शन आयतंच.

पण मूळ चाक साडेबारा इंचांचं. ते सतरा केलं की खुर्ची तेवढ्याच फेऱ्यांत जास्त पळते आणि ओढ त्याच प्रमाणात कमी होते. चिखलात पळण्याचा काय उपयोग? म्हणून मधे चेन घालायची ठरली. मोटारीकडे चौदा दाती, चाकाकडे अठ्ठावीस. मूळ खुर्ची ताशी सहा किलोमीटर जायची. हिशेब केला तर आता चार भरत होते आणि ओढ जवळजवळ दीडपट. चाकाकडे बेचाळीस दाती घातले तर ओढ आणखी वाढली असती. ते दाजींनी कागदावर करून बघितलं, वेग पावणेतीनच्या खाली आला, आणि कागद फाडला. "म्हस पुढं जाईल," ते म्हणाले. "गावात ऱ्हायचंय मला."

याच सुमाराला आमच्या कामाला प्रेक्षक लाभले. गावात वेल्डिंगची ठिणगी उडाली की माणसं जमतात, हा निसर्गनियम आहे. ग्राइंडर थांबला की सल्ले सुरू. एकाने सायकलचं फ्रीव्हील वापरा म्हणून दाती विकत घ्यायचा खर्च वाचवायचा मार्ग सांगितला. दाजींनी त्याला जवळ बोलावलं. "फ्रीव्हील उलटं फिरवलं की काय हुतं?" "टकटक वाजतंय." "मग ही गाडी रिव्हर्स घेतली की टकटक वाजंल. आणि उताराला मोटारीचा ब्रेक आवळला तरी चाक मोकळं पळत ऱ्हाईल. टकटक वाजवतच. मी थेट पंचगंगेत." तो गृहस्थ विचारात पडला आणि म्हणाला, "मग पुढच्या बाजूला नांगर बसवा."

अठ्ठावीस दाती अखेर कोल्हापुरातून करून आणले. शिवाजी उद्यमनगरात शिरलं की कुठल्याही वस्तूची दुसरी प्रत निघते. ओतकाम करणारे, लेथवाले, गिअर कापणारे, सगळे ओळीने बसलेले. उसाच्या चरकापासून ऑइल इंजिनापर्यंत तिथे काय झालं नाही ते सांगा. मी तिथल्या टर्नरना ड्रॉइंग दाखवलं. ते मी संगणकावर काढून, छापून, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नेलं होतं. त्यांनी फोल्डर बाजूला ठेवला. "जुनी वस्तू हाय का?" "नाही." "कशाला पायजे?" सांगितलं. त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले, आणि मग जे प्रश्न विचारले ते माझ्या ड्रॉइंगात नव्हते. माणसाचं वजन किती, उतरताना पुढे झुकतं का, हबला किल्ली टाकणार की बोल्ट, वंगण कोण घालणार. शेवटी म्हणाले, "दाजींना सांगा, की-वे मारून देतो. बोल्ट चिखलात ढिलं हुत्यात."

सीट भंगारातल्या ओम्नीची. अर्थात मणक्याला मार लागलेल्या माणसाला नुसती सीट चालत नाही. पायाला दुखलेलं कळत नाही, त्यामुळे एका जागी दाब राहिला की जखम होते आणि महिनोन्महिने भरत नाही. दवाखान्यातून मिळालेली जाड गादी सीटवर राहिलीच पाहिजे आणि दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलून दाब सोडला पाहिजे. या खात्याच्या प्रमुख आक्का. ओम्नीच्या सीटवर गादी ठेवून तिने स्वतः बसून बघितलं, खालची एक स्प्रिंग टोचते म्हणाली, आणि सीट परत. दुसरी आली. तीही परत. भंगारवाला म्हणाला, "वहिनी, मुलगी बघताय का?"

सांगाडा दीड इंची चौकोनी पाइपचा. टॅक मारून उभा झाला, चाकं लागली, दाजी समाधानाने बघत होते, तेवढ्यात आक्का शिलाई मशीनवरची टेप घेऊन आली. आधी दार मोजलं, मग गाडी मोजली.

"दार तीस. गाडी एकतीस."

"दाराची चौकट थोडी तासू," दाजी म्हणाले.

"गाडी तासा."

गाडी तासली.

बॅटरीची गोष्ट सांगितली नाही तर या लेखाचा कुणालाच उपयोग नाही. गाडीला सेल्फ मारणारी बॅटरी इथे चालत नाही. ती एका दमात जोर द्यायला जन्मलेली असते. रोज रोज हळूहळू रिकामी केली की लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर चालते, पण दोन घेतल्या तर वजन माणसाहून जास्त. बँका, एटीएम, ऑफिसं यांच्या यूपीएसमधल्या सीलबंद बॅटऱ्या ठरावीक काळाने बदलतात, आणि उतरवलेल्या बॅटऱ्यांतल्या काहींत अजून बराच जीव असतो. त्या भंगारात येतात. अडचण एवढीच की नुसता मीटर लावला तर मेलेली बॅटरीसुद्धा बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते. दाजींनी मला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब आणि मीटर देऊन पाठवलं होतं. बल्ब लावायचा आणि आकडा बघत बसायचा. एखादी साडेबाराची बॅटरी दहा मिनिटांत नऊवर यायची आणि दुकानदार तिच्याकडे अशा नजरेने बघायचा की जणू त्यालाच फसवलंय. ज्या दोन तासभर टिकल्या त्या आणल्या. बारा व्होल्ट, ४२ अँपिअर-अवर, दोन एकापाठोपाठ जोडल्या. गुणाकार केला तर जेमतेम एक युनिट वीज. त्यातली अर्धीच वापरायची, नाहीतर आयुष्य घटतं. तेवढ्यात दुकान, ग्रामपंचायत, मळा आणि परत, असा प्रवास होतो. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज आणि पाठीमागे लेथ मशीनवरून काढलेलं लाल भोपळी बटण. हे बटण दाबायला एक माणूस नेमला होता.

पहिली ट्रायल ऊस तुटलेल्या रानात झाली. ऐंशी-नव्वद किलोची खुर्ची, वर सत्तर किलोचे दाजी, भोवती निम्मं गाव. दाजींनी दांडी पुढे केली आणि खुर्ची जागच्या जागी गरगर फिरायला लागली. डावी मोटार पुढे, उजवी मागे. लोकांना वाटलं ही सोय मुद्दाम केलेली आहे, टाळ्या पडल्या. दाजी फिरता फिरताच ओरडत होते, "उजवीच्या वायरी उलट्या हायत!" पुढच्या फेरीला, "बटण!" आणि त्याच्या पुढच्या फेरीला माझ्याविषयी काहीतरी, जे मळ्यात चालतं पण इथे छापता येणार नाही. वायरी बदलल्या. मग खुर्ची सरळ निघाली, सरी ओलांडली, वरंब्यावर चढली, आणि बांधावर जाऊन उभी राहिली. मागे कोलमडू नये म्हणून शेपटीला दोन छोटी चाकं लावली होती, ती एकदा टेकली आणि परत उचलली. बांधावरून दाजींनी शेजारच्या रानात डोकावून बघितलं आणि अपघातानंतर पहिल्यांदा भावकीला विचारलं, "आमचा बांध कुणी कोरला रे?"

पावसाळ्यात नवीच गोष्ट कळली. चिखलात पुढची लहान चाकं आधी रुततात. ढकलगाडीची फुगीर चाकं लावली तरी रुततातच, कारण ती ओढणारी नव्हेत, ढकलली जाणारी. पण खुर्ची उलटी चालवली तर मोठी, ताकदीची चाकं आधी चिखलात उतरतात, वाट करतात, आणि लहान चाकं निमूट मागून येतात. म्हणून दाजी जून ते सप्टेंबर गावात उलटे फिरतात. चेतकचा आरसा उपयोगी पडला.

उलट्या दाजींची गावाला सवय व्हायला वेळ लागला. सुरुवातीला लोकांना वाटलं, चिडलेत. त्यातच ग्रामसभा आली. दाजी देवळासमोरच्या मंडपात चिखलातून पाठमोरे शिरले आणि व्यासपीठाकडे पाठ करूनच थांबले, कारण वळायला जागा नव्हती. सभा गप्प झाली. सरपंचांनी घसा साफ केला. गावातला एक प्रतिष्ठित व्यावसायिक सगळ्यांसमोर पाठ फिरवून बसतो याचा अर्थ राजकारणात एकच होतो. रस्त्याचा विषय अजेंड्यावर नव्हता, तरी सरपंच उभे राहिले आणि दुकानापर्यंत मुरूम टाकायचं तोंडी जाहीर करून बसले. दाजींनी गैरसमज दूर केला नाही. फक्त आरशातून मान हलवली.

तालुक्याच्या एका कचेरीत रॅम्प आहे. नियमाचा रॅम्प एकास बारा असतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. कचेरीचं जोतं दोन फूट, म्हणजे चोवीस फूट हवेत. आहेत आठ. वर दोन्ही बाजूंना तुळशीच्या कुंड्या. असा रॅम्प बांधणाऱ्याने मनात घसरगुंडी धरली असणार. शिबिरातल्या चेअरवर दाजींना तिथे चार माणसं उचलून न्यायची आणि आत बसलेले साहेब खाली बघून कागदावर सही करायचे, दाजींकडे न बघता. नवीन खुर्ची रॅम्पवर घुरघुरत चढली तेव्हा साहेब खुर्ची सोडून बाहेर आले. खाली वाकून चेन बघितली. "चेतकचं चाक?" "व्हय." "आमच्याकडेपण होता." पंधरा मिनिटं चेतकवर चर्चा झाली. सही राहिली, ती मग मागून घ्यावी लागली.

हे मला फार गमतीचं वाटतं. आता दाजींकडे बघून कुणी च्च च्च करत नाही. त्यांना वेळच नसतो. चौकात खुर्ची थांबली की पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देती?" दुसरा, "केवढ्याला पडली?" तिसरा प्रश्न नसतो, सल्ला असतो. हवालदार विचारतात, "पासिंग कुठलं?" दाजी सांगतात, "एम एच शून्य नऊ, गोठा." एकाने फवारणीचा पंप बसेल का विचारलं, एकाने मागे छोटी ट्रॉली जोडून शेणखत नेता येईल का. एक धडधाकट गृहस्थ अशीच आपल्यालाही करून द्या म्हणून ॲडव्हान्स घेऊन आले. गुडघे ठीक आहेत, पण चालायचा कंटाळा येतो म्हणाले. लग्नात वाढपी आता थेट दाजींनाच विचारतो. जिलेबीचं नाही, चार्जिंगचं.

परवा दाजींचा फोन आला. आवाज तक्रारीचा.

"पाव्हणं, बसून हुतो तवा पाणी हातात मिळत हुतं. आता तुमची बहीण म्हणती, गाडी हाय न्हवं, मग डेअरीत दूध घालून या. येताना पेंड आणा. आज तर दळण लावलंय मागं."

"मग?"

"मग काय? गेलो गिरणीत. पूर्वी गिरणीवाला आमचा डबा आधी घ्यायचा. ह्यांना ताटकळत ठेवू नका म्हणायचा. आज म्हणतोय, गाडी बाजूला लावा आणि लाइनीत या."

"काय केलंत?"

"थांबलो की. माझ्या म्होरं एका म्हातारीची नाचणी हुती. त्याच जात्यावर माझा गहू घातला त्यानं. पीठ तांबडं झालंय सगळं. आता आक्काला तुम्हीच सांगा, तुमची बहीण हाय ती. मी दुकानाकडनं लांबच्या रस्त्यानं घरला येतोय."